सोडतो का ते बघा

पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली
पहिल्यांदा दिसलं ते जाळं :
बॉनेटभर, गोल गोल, कोळ्यानं सवडीनं विणलेलं.
गाडी माझ्या ग्रॅच्युइटीची. रंग काळा.
ह्यांच्या मते जांभळा; तो वाद अजून मिटलेला नाही.
पण जाळं कुणी विणलं, यावर वाद नाही :
ह्यांचा जुना बनियन, दर रविवारी,
त्याची ती दुहेरी शिवण,
आणि शिवणीत दडून बसलेला बायपासचा एक कण.

एकच असेल. एकाला किती लागतं.

सियागंजात मुर्तुझाभाईंनी काउंटरवर
चार हातमोजे मांडले, साड्या मांडाव्यात तसे.
"हात घालून बघा, आंटी. बघायचे पैसे नाहीत."

पहिला स्पंजाचा. हात आत गेला आणि अडकला,
लहानपणी साखरेच्या बरणीत अडकला होता तसा.
दुसरा चपटा, गुलाबी.
"लेडीज साइज," दुकानातला पोऱ्या म्हणाला.
माझा अंगठा त्याच्या लेडीजमध्ये मावला नाही.
सहकारी बँकेच्या खिडकीत बत्तीस वर्षं
नोटा मोजलेला अंगठा आहे तो.
तिसरा मेंढीच्या लोकरीचा.
काय सांगू.
बाळाच्या टाळूवर तळवा ठेवावा
तसं झालं, मनगटापर्यंत.
किंमत ऐकूनही मी हात बाहेर काढला नाही.

"धुळीचा कण पोटात घेतो ना हा?"
मुर्तुझाभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"घेतो. हा सगळंच पोटात घेतो.
पण सोडतो का, ते बघा.
बादलीत बुचकळल्यावर जो सोडत नाही
तो पुढच्या रविवारी तोच कण घेऊन
पुन्हा गाडीवरून फिरतो.
आणि वरून मऊच लागतो हाताला."

मी उभीच राहिले.
बाहेर एक हातगाडीवाला कुणाच्या तरी खानदानाचा
उद्धार करत होता, मोठ्यानं, जीव लावून,
आणि संपवून पुढे गेला.

पोटात घाल गं, पोटात घाल :
आधी आत्याबाई, मग शाखेतले मॅनेजर,
मग कुणी सांगायला उरलं नाही तेव्हा माझी मीच.
बादली कुणी दाखवली नव्हती.

चौथा पोपटी, भडक, बोटभर शेवया लोंबणारा.
हसू येईल असा.
"पाणी आहे?" मी म्हटलं. पोऱ्यानं बादली आणली.
दुकानाच्या उंबऱ्यावरची धूळ मी त्यानं पुसली,
बुचकळला, शेवया बोटांनी मोकळ्या केल्या.
धूळ खाली गेली. जाताना दिसली.
"हाच द्या."

नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड.
रविवार पाण्याचा निघाला.
दोन बादल्या : एक साबणाची, एक सोडायची.
सोडायच्या बादलीत तळाला पुरणाची चाळण उपडी,
म्हणजे खाली बसलं ते वर येत नाही.
(पुरण कशातून काढणार, असं वरून विचारलं गेलं.
काढणार नाही, असं खालून सांगितलं.)
टपापासून सुरुवात. सरळ रेषेत, गोल नाही.
दार झालं की बुडव. काच झाली की बुडव.
चाकं शेवटी, आणि त्यांना तोच बनियन.

"हात धुऊन मागे लागलीस की गाडीच्या,"
हे गॅलरीतून.
हो, म्हटलं. हातच धुतेय.

जाळं गेलं नाही. ते हातमोज्यानं जात नसतं.
नवीन विणलं जात नाही, इतकंच.
चाळणीखाली निघाला चमचाभर बायपास,
तो मी जास्वंदीच्या कुंडीत ओतला.

दुपारी तारेवर तो पोपटी पंजा ठिबकत होता.
हे खाली आले, इकडेतिकडे बघितलं,
आणि ओल्यातच हात घालून पाहिला.
त्यांना जरा सैल झाला.